माजघरांतील कारखाना

आमच्या माजघरांत पाऊल टाकावयाचें म्हणजे हल्लीं खालीं पाहूनच टाकावें लागतें. दुपारीं एकपासून चारपर्यंत तेथें भुईवर एखादी अर्धीमुर्धी गोधडी पसरलेली असते. तिच्या चार कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा, पितळेचा खल आणि पाण्यानें भरलेली कळशी असे चार दिक्पाल बसविलेले असतात, आणि कडेनें धाकट्या सूनबाई व आळींतल्या दोघी बायका मांडी घालून धावदोरा घालीत बसलेल्या असतात. हा सारा संसार ओलांडून देवघरापर्यंत पोंचणें साठी उलटलेल्या, गुडघे कुरकुरणाऱ्या मनुष्यास सोपें नाहीं. मी भिंतीला धरून, एक पाय उचलून, बगळ्यासारखा जातों. बायका तोंडाला पदर लावून हंसतात, हें मला दिसतें. पण मी तें पाहिलेंसें दाखवीत नाहीं.

या उद्योगाचा मी आरंभापासूनचा विरोधक. हें आधींच सांगून टाकलेलें बरें, कारण पुढें जें लिहावयाचें आहे त्यांत माझी बाजू फारशी उजळ नाहीं.

मी जुन्या अकरावीची मॅट्रिक १९७४ सालीं झालों. संस्कृताचा संस्कार घरचा; वडील भिक्षुकी करीत, आणि त्यांच्याच ओळखीच्या एका शास्त्रीबुवांपाशीं मीं लघुकौमुदी व रघुवंशाचे कांहीं सर्ग केले. पुढें अडतीस वर्षें प्राथमिक शाळेंत मास्तरकी करून २०१५ सालीं निवृत्त झालों. घर वाईस, कृष्णेच्या घाटापासून हांकेच्या अंतरावर. घरांत आम्ही उभयतां, दोन चिरंजीव, दोन सुना, तीन नातवंडें. थोरल्या सूनबाई साताऱ्यास बँकेंत जातात. जाऊनयेऊन सत्तर किलोमीटरांचा रोजचा प्रवास. धाकटे चिरंजीव पांचगणीस एका हॉटेलांत हिशेबनीस होते. मार्च २०२० मध्यें टाळेबंदी आली, हॉटेलाचीं दारें मिटलीं, आणि त्यांचा पगार प्रथम निम्मा व मग अजिबात बंद झाला. माझें निवृत्तिवेतन होतें, थोरल्यांचे पगार होते. कोणी उपाशी राहणार नव्हतें. परंतु एकत्र कुटुंबांत ज्याची मिळकत थांबते त्याला, कोणी कांहीं न बोलतांही, वाढून घेतांना हात आंखडता येतो. धाकटे चिरंजीव दुसऱ्यांदा भात मागेनासे झाले. हें माझ्या ध्यानांत आलें नव्हतें, सूनबाईंच्या आलें.

त्यांचें माहेर कऱ्हाडकडचें. त्यांच्या आजी उन्हाळ्यांत गोधड्या शिवीत, आणि ती विद्या यांनीं लहानपणींच उचलली होती. थोरल्या सूनबाईंच्या भाचीस बाळ झालें तेव्हां यांनीं दोन जुन्या मऊ पातळांचें दुपटें शिवून पाठविलें. तें पाहून तिकडच्या एका आजीबाईंनीं आपल्या अमेरिकेंतील पणतूकरितां तसेंच मागविलें, आणि मजुरी विचारली. मजुरी हा शब्द आमच्या घरांत त्या दिवशीं प्रथम ऐकूं आला. मला तो टोंचला. मीं म्हटलें, “आपल्या घरच्या सुनेनें लोकांच्या चिंध्या शिवून पैसे घ्यावयाचे काय?” आमच्या सौभाग्यवती ताक घुसळीत होत्या. त्या मान वर न करतां म्हणाल्या, “मामंजी लोकांच्या घरीं मंत्र म्हणून पैसे घेत, तुम्ही लोकांचीं पोरें शिकवून घेतलेत. ती शिवून घेते.” यावर काय बोलावें तें मला सुचलें नाहीं.

दोन वर्षांत दुपट्यांच्या गोधड्या झाल्या आणि एका सुईच्या तीन झाल्या. हॉटेल पुनः उघडलें, धाकट्यांना नोकरी परत मिळाली, तरी कारखाना चालूच राहिला. आतां त्या विद्येविषयीं थोडें सांगावयास हरकत नाहीं, कारण चार वर्षें ती ओलांडतां ओलांडतां मलाही कांहीं कळूं लागली आहे.

पांचवारी पातळ साधारण साडेपांच मीटर लांब असतें. त्याचे तीन सारखे तुकडे केले म्हणजे प्रत्येक तुकडा सहा फूट लांब व पन्ह्याइतका, म्हणजे पावणेचार फूट रुंद होतो. हाच एकेरी गोधडीचा एक पदर. असे पांच पदर एकावर एक घातले म्हणजे वाईच्या थंडीला पुरेशी गोधडी होते. तीन पदरांची उन्हाळी. पदर पसरून त्यांतील सुरकुती हातानें मध्याकडून कांठाकडे सारीत न्यावी लागते. मग लांब लांब टांक्यांचा कच्चा दोरा घालून सारें जागच्या जागीं धरून ठेवावयाचें, कडा आंत मुडपावयाच्या, आणि त्यानंतर खरा धावदोरा. तो कडेपासून आंत, बोटभर अंतरानें, ओळीमागून ओळ. यंत्राचा उपयोग फक्त तुकडे जोडण्यापुरता. साऱ्या ओळी यंत्रावर मारलेली गोधडी ताठ राहते. हातची अंगाला बिलगते. कापड सुती हवें, आणि तेंही धुऊन धुऊन मऊ झालेलें. पॉलिएस्टरचीं पातळें दिसावयास नवीं, पण घाम शोषीत नाहींत आणि त्यांचे थर एकमेकांवरून घसरतात. म्हणजे या एका धंद्यांत जें जितकें झिजलेलें तितकें तें मोलाचें. एका एकेरी गोधडीस तीन सुयांच्या चार पांच दुपारी लागतात, एकटीनें बसावें तर पंधरवडा जातो.

गोधडीला आपल्याकडे वाकळही म्हणतात, कानडी मुलखांत कौदी, बिहारांत सुजनी, बंगाल्यांत कांथा. या कांथेच्या मुळाशीं संस्कृतांतील कन्था आहे. भर्तृहरीच्या वैराग्यशतकांत ती विरक्त पुरुषाच्या अंगावर आहे. हें मीं एकदां मोठ्या उत्साहानें माजघरांत सांगितलें. शेजारच्या बाईंनीं विचारलें, “अहो मास्तर, पण त्या बोवाला ती शिवून कोणी दिली?” भर्तृहरि याविषयीं कांहीं सांगत नाहीं.

सुयांची मोजदाद हा आमच्या घरचा नवा सायंसंध्येचा भाग होऊन बसला आहे. चार वाजतां पसारा उचलतांना सूनबाई सुया मोजून डबींत घालतात. एके दिवशीं अकरांपैकीं दहाच भरल्या. धाकटा नातू तेव्हां रांगता होता. सबंध घर दिवे लावून भुईशीं लागलें. थोरल्या सूनबाई नुकत्याच साताऱ्याहून आलेल्या, त्यांनीं पर्स खांद्यावरून न काढतां गुडघे टेंकले. शेवटीं मधल्या नातवानें आपल्या दप्तरांतील लोहचुंबक आणला आणि तो भुईवरून फिरवीत फिरवीत नेला, तों सुई माझ्याच आसनाच्या कडेला सांपडली. मी दुपारीं पाय ओलांडतांना ती धोतराच्या सोग्याला अडकून आली असावी. त्या दिवसापासून तो चुंबक दोऱ्याला बांधून खुंटीवर टांगलेला आहे.

खरें दुखणें होतें तें पोळ्यांचें. पूर्वीं दुपारचें जेवण आटोपलें म्हणजे धाकट्या सूनबाई रात्रीच्या भाजीची तयारी करून ठेवीत, आणि संध्याकाळीं सासूसुना मिळून पोळ्या होत. आतां चार वाजेपर्यंत शिवण, नंतर मुलांना शाळेंतून आणणें, मग गिऱ्हाइकांचे दूरध्वनि. पोळ्यांना साडेआठ वाजूं लागले. थोरल्या सूनबाई दमून येत आणि ओट्याशीं उभ्या राहत. त्या बोलल्या कांहीं नाहींत, पण लाटणें जोरानें आपटूं लागलें. दोन जावांमध्यें तोंवर कधीं शब्द झाला नव्हता, तो त्या पावसाळ्यांत झाला. “माझी नोकरी बाहेर आहे म्हणून ती नोकरी, आणि हिची घरांत आहे म्हणून तोही घरकामांतच धरायचा का, हें एकदां ठरवा. काय ठरेल तें मला चालेल,” असें थोरल्या सूनबाई सर्वांच्या देखत म्हणाल्या. मला ती धाकटीविरुद्ध तक्रार वाटली. रात्रभर विचार केल्यावर कळलें कीं ती तिची वकिली होती. पोळ्यांना बाई लावावी व तिचा पगार दोघी सुनांनीं निम्मा निम्मा द्यावा, असें ठरलें. आमच्या सौभाग्यवतींना परक्या हातची पोळी गिळण्यास सहा महिने लागले. अजूनही पहिली पोळी उलटून पाहिल्याशिवाय त्या ताटांत घेत नाहींत.

दुसरा प्रश्न पैशांचा. पहिल्या वर्षीं गोधड्यांचे पैसे घरखर्चाच्या डब्यांत पडत. पुढें सूनबाईंनीं आपल्या नांवानें निराळें खातें काढावयाचें बोलून दाखविलें, आणि मीं कात्यायन काढला. स्त्रीनें शिल्पानें मिळविलेल्या धनावर भर्त्याचें स्वामित्व असतें, असें कात्यायनाचें वचन निबंधकारांनीं उद्धृत केलेलें आहे. तें मीं मोठ्या गांभीर्यानें जेवतांना सांगितलें. धाकटे चिरंजीव, म्हणजे ज्यांचें स्वामित्व मी सिद्ध करीत होतों तेच, म्हणाले, “अण्णा, १९५६ चा हिंदु उत्तराधिकार कायदा वाचा. कलम चौदा.” मीं वाचला. हिंदु स्त्रीनें स्वतःच्या कौशल्यानें किंवा श्रमानें मिळविलेली मिळकत ही तिची संपूर्ण मालकीची, असें त्यांत स्वच्छ लिहिलें आहे. तो कायदा होऊन तेव्हां पासष्ट वर्षें उलटून गेलीं होतीं, म्हणजे तो माझ्याहून वयानें मोठा. आणि मला तो ठाऊक नव्हता, कात्यायन मात्र ठाऊक होता. खरें सांगावयाचें तर मला वचनाची एवढी चाड नव्हती. डबा उघडला म्हणजे त्यांत नोटा दिसाव्या, याची मला संवय झाली होती. खातें निघालें. सूनबाई दरमहा ठरलेली रक्कम डब्यांत टाकतात, ती त्यांनींच ठरविली आहे आणि ती माझ्या अंदाजापेक्षां जास्त आहे.

एवढें सर्व पचवूनही एक शल्य राहिलें होतें, तें सोंवळ्याचें. गिऱ्हाईक जीं वस्त्रें आणतें त्यांतील निम्मीं तरी गेलेल्या माणसांचीं असतात. आईचीं पातळें, आजीचीं लुगडीं, क्वचित् वडिलांचीं धोतरें. तीं टाकवत नाहींत, नेसवत नाहींत, पेटींत ठेवून कसर लागते. म्हणून त्यांची गोधडी. अशीं गांठोडीं देवघराला लागून असलेल्या माजघरांत! सूनबाई आलेलें प्रत्येक वस्त्र रिठ्याच्या ऊन पाण्यांत पुनः धुऊन, उन्हांत वाळवून मगच घडी घालीत. तरी माझें मन मानीत नसे. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत द्रव्यशुद्धीचें प्रकरण आहे. वस्त्रें पुष्कळ असल्यास पाण्याच्या प्रोक्षणानें व थोडीं असल्यास धुण्यानें शुद्ध होतात, असें तेथें सांगितलें आहे. हें वाचल्यावर तरी मीं गप्प बसावें कीं नाहीं? पण मी शास्त्राच्या पुढें दोन पावलें होतों.

डिसेंबर २०२३ मध्यें साताऱ्याहून एक बाई आल्या. तिघी बहिणी, एक साताऱ्यास, एक नाशिकास, एक न्यू जर्सीस. त्या वर्षीं पावसाळ्यांत त्यांच्या मातोश्री वारल्या. त्यांचीं पांच सुती पातळें एका पांढऱ्या पंचांत बांधून या थोरल्या बाईंनीं आणलीं होतीं. प्रत्येक पातळाचे तीन तुकडे, म्हणजे पंधरा पदर. तिघींना पांच पांच पदरांच्या तीन गोधड्या. प्रत्येकीच्या गोधडींत पांचही पातळें यावींत, एवढीच त्यांची अट. मी ओसरीवर वर्तमानपत्र वाचीत होतों. त्यांनीं जातांना वाकून नमस्कार केला आणि म्हणाल्या, “काका, वरचीं दोन आईचीं रोजच्या वापरांतलीं आहेत. तीं मी अजून धुतलीं नाहींत.” मीं मान डोलावली. ऐकलें मात्र नाहीं.

दोन दिवसांनीं वडिलांचें श्राद्ध होतें. मीं आदल्या रात्रीं निक्षून सांगितलें कीं, उद्यां घरांत परक्यांचें एकही वस्त्र राहतां कामा नये. सूनबाई “बरं अण्णा” म्हणाल्या. जीं धुतलेलीं होतीं तीं त्यांनीं माडीवर नेलीं, आणि हें न धुतलेलें एक गांठोडें ओसरीच्या कोपऱ्यांतील बांकाखालीं ठेविलें. आंत आणूं नये ही माझीच आज्ञा. श्राद्ध यथासांग झालें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं दहाच्या सुमारास आळींत बोहारीण आली. सौभाग्यवती गणपतीच्या देवळांत, सूनबाई मुलाला शाळेंत पोंचवावयास. आमच्या सौभाग्यवती बोहारणीकरितां जुनेर बाजूला काढून ठेवीत असतात, हें मला ठाऊक होतें. बांकाखालीं गांठोडें दिसलें. मीं तें पुढें ओढलें, वरचीं दोन पातळें पाहिलीं. विटलेलीं, पदराशीं विरलेलीं, न धुतलेलीं. माझी खात्री पटली. बोहारीण एक लहान पातेलें देऊं लागली. मीं नको म्हटलें. घरांतल्या व्यवहारांत मी कधीं पडत नाहीं, पण त्या दिवशीं मला हुरूप आला. पाऊण तास घासाघीस करून मीं तिच्याकडून झांकणाचा मोठा स्टीलचा डबा घेतला आणि तो सौभाग्यवतींस दिसेल असा दाराशींच मांडून ठेविला.

सूनबाई आल्या, त्यांनीं डबा पाहिला, मग बांकाखालीं पाहिलें. “अण्णा, सातारच्या ताईंचं गांठोडं?” एवढेंच म्हणाल्या. मी अजून हंसतच होतों. मीं डब्याकडे बोट दाखविलें. त्यांच्या चेहऱ्यावरचें रक्त कसें उतरलें तें मला अजून दिसतें. त्या ओरडल्या नाहींत, रडल्या नाहींत. चपला काढावयास घातलेला पाय तसाच परत चपलेंत सरकवून त्या बाहेर पडल्या आणि आळीच्या टोंकापर्यंत धांवत गेल्या. सून धांवत आहे आणि लोक पाहत आहेत, हें आमच्या घरांत कधीं झालें नव्हतें.

धाकट्या चिरंजीवांना पांचगणीहून बोलावून घेतलें. त्यांच्या स्कूटरवर मागें बसून मी साऱ्या वाईंत हिंडलों. मंडईंत, बसस्थानकाजवळ, नदीपलीकडे. दुसऱ्या दोघी बोहारणींनीं हिचें ठिकाण सांगितलें. गांवाबाहेर पालाच्या दोन खोपटांपुढें ती बसली होती आणि दिवसभराचे कपडे निवडीत होती. त्या निवडण्याची एक रीत असते, ती मीं तेथें पाहिली. धड, कांठपदराचीं पातळें एका बाजूला. तीं धुऊन, खळ देऊन, इस्त्री करून आठवड्याच्या बाजारांत जातात. आणि फार झिजलेलें मऊ सुती दुसऱ्या बाजूला. तें चिंध्यांच्या व्यापाऱ्याकडे जातें, तेथें त्याचे हातभर तुकडे होतात आणि गॅरेजांत तेल पुसावयास विकले जातात. मऊ सुतीला तेल चांगलें शोषतां येतें. ज्या गुणामुळें तें गोधडीला उत्तम, त्याच गुणामुळें पुसण्यालाही.

पहिल्या ढिगांत आमचीं तीन पातळें सांपडलीं. वरचीं दोन, म्हणजे रोजच्या वापरांतलीं, न धुतलेलीं दोन, दुपारींच व्यापाऱ्याकडे गेलीं होतीं.

बोहारीण वाईट बाई नव्हती. “मास्तर, तुम्हीच तर दिलं. म्या चोरलं न्हाई,” असें ती दोनतीनदां म्हणाली, आणि तें अक्षरशः खरें होतें. ती आमच्याबरोबर व्यापाऱ्याच्या वखारींत आली. तेथें चिंध्यांचा पुरुषभर उंच ढीग होता आणि एका कोपऱ्यांत दोन मुलगे कात्रीनें कापड फाडीत बसले होते. एका पातळाचा तुकडा मीं ओळखला, फिकट जांभळा, बारीक ठिपक्यांचा. बाकीचें त्याचें काय झालें तें समोर दिसतच होतें. दुसरें सांपडलेंच नाहीं. अंधार पडेपर्यंत चिरंजीव तो ढीग उपशीत होते. मी एका पोत्यावर बसून होतों. बोहारणीस तिचा डबा परत दिला; दिवस मोडला म्हणून तिनें शंभर रुपये मागितले, तेही दिले.

घरीं आल्यावर सूनबाई म्हणाल्या, “मी फोन करते ताईंना. चूक माझी झाली म्हणून सांगेन, बाहेर ठेवायला नको होतं.” हें ऐकून मात्र मला लाज वाटली, आणि ती शब्दानें सांगतां येण्यासारखी नव्हती. अडतीस वर्षें मीं मुलांना बांकावर उभें करून “कोणी केलें?” असें विचारलें आहे आणि जो उठून कबूल होई त्याला शिक्षा माफ केली आहे. मीं सांगितलें कीं फोन करावयाचा नाहीं, मी स्वतः जाईन.

सकाळच्या बसनें साताऱ्यास गेलों. वाटेंत काय बोलावयाचें तें तीनदां मनांत जुळविलें. त्यांतलें एकही वाक्य तेथें कामास आलें नाहीं. बाईंनीं दार उघडलें, मला ओळखलें, आणि तीन पातळांचें गांठोडें हातांत पाहून त्यांना वाटलें कीं मी काम नाकारावयास आलों आहें. मीं झालें तें सांगितलें. घरांतील कोणाचा दोष नाहीं, माझ्या हातून झालें, हेंही सांगितलें. त्या आंत गेल्या, पाण्याचा पेला घेऊन आल्या, तो माझ्यापुढें ठेविला आणि मग विचारलें, “कुठलीं दोन?” मीं सांगितलें. बऱ्याच वेळानें त्या म्हणाल्या, “त्यांनाच तिचा वास होता. म्हणून धुतलीं नव्हतीं.”

मीं तो जांभळा तुकडा त्यांच्या हातीं दिला. वीतभर रुंदीचा होता. त्यांनीं तो नाकाशीं नेला नाहीं. घडी करून मुठींत धरला.

जातांना मीं एक देऊं केलें. माझ्या आईचीं दोन जुनीं सुती लुगडीं आमच्या पेटींत आहेत. कमी पडणारे पदर त्यांचे घालावे, म्हणजे गोधडी पांच पदरांची होईल, असें मीं सुचविलें. मला वाटत होतें, मी फार मोठें कांहीं देत आहें. त्या शांतपणें म्हणाल्या, “नको, काका. तुमच्या आईचं ते तुमच्याकडेच राहूं द्या. मध्यें दुसऱ्याची आई नको. तीन पदरांच्याच होऊं देत.”

त्याप्रमाणें तीन पातळांचे नऊ तुकडे झाले, आणि तीन तीन पदरांच्या तीन गोधड्या. जांभळ्या तुकड्याच्या तीन चिमुकल्या चौकटी कापून सूनबाईंनीं प्रत्येकीच्या उशाकडच्या कोपऱ्यांत बसविल्या. त्या शिवीत असतां माजघरांत नेहमींसारख्या गप्पा झाल्या नाहींत. माघांत बाई न्यावयास आल्या. त्यांनीं कोपरा चिमटींत धरून पदर मोजले, एक, दोन, तीन, आणि घडी घातली. सूनबाई मजुरी घेईनात, त्या दिल्यावांचून उठेनात. शेवटीं दोऱ्याचे व यंत्रावर जोडण्याचे मिळून दोनशें रुपये ठरले. सूनबाईंनीं मला हांक मारली, “अण्णा, वहींत लिहा.”

वही तेव्हांपासून माझ्याकडे आहे. गांठोडें आलें कीं त्याला क्रमांक, त्याच क्रमांकाची कापडी चिठ्ठी गांठीला टांचलेली, आंतील नग, प्रत्येकाचा रंग, धुतलेलें कीं न धुतलेलें, आणि तें कोणाचें. हा शेवटचा रकाना माझा. गिऱ्हाइकें प्रथम संकोचतात, मग सांगूं लागतात, आणि मला ओसरीवर अर्धा अर्धा तास लिहीत बसावें लागतें. ओसरीवर गांठोडें ठेवावयाचें नाहीं, असा नियम आहे. श्राद्धाच्या दिवशींही तें माजघरांतच राहतें. गेल्या वर्षीं श्राद्धाला आलेल्या गुरुजींनीं त्या ढिगाकडे पाहून भुंवई उंचावली, तेव्हां मीं त्यांना पांचव्या अध्यायांतलें प्रकरण ऐकविलें. आंतून सौभाग्यवतींचा खोकल्यासारखा आवाज आला, तो खोकला नसावा.

बोहारीण अजून येते. आमच्या दारापुढें थांबून, “मास्तर, हाय का कायी?” अशी हांक घालते आणि मला पाहून तोंड भरून हंसते. मी वर्तमानपत्रांतून मान वर काढून उत्तर द्यावयाच्या आधींच माजघरांतून सूनबाई, नाहीं तर शेजारच्या बाई, नाहीं तर दोघीही, सुई हातांत तशीच धरून ओसरीवर येऊन उभ्या राहतात.